गाडीच्या चार्जरला सहाची वायर की दहाची?

सोसायटीत पहिली इलेक्ट्रिक गाडी आली की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, बिल कोणाच्या मीटरवर. दुसरा, वायर कोणती ओढायची. पहिल्यावर सर्वसाधारण सभा दोन तास चालते. दुसऱ्याचं उत्तर वायरमन उभ्या उभ्या देतो, "सहाची टाका, गीझरला पण चारची पुरते," आणि विषय संपतो. तो संपू नये, म्हणून हा लेख.

गीझरशी तुलनाच चुकीची आहे. दोन किलोवॅटचा गीझर पंधरा-वीस मिनिटं चालतो, थर्मोस्टॅट त्याला बंद करतो, वायरला थंड व्हायला दिवसभर मिळतो. गाडीचा चार्जर रात्री दहाला लागतो आणि पहाटेपर्यंत तेवढाच करंट खेचत राहतो. घरात दुसरं कुठलंच उपकरण पूर्ण भाराने सलग सहा-आठ तास चालत नाही. एसीचा कॉम्प्रेसरसुद्धा मधेमधे विसावतो. त्यामुळे चार्जरची वायर निवडताना "किती वॅट" एवढंच बघून भागत नाही, "किती तास" हेही बघावं लागतं.

आधी बोलीभाषेचा घोळ मिटवू. आज दुकानात वायर मिळते आतल्या तांब्याच्या छेदाच्या चौरस मिलिमीटरवर: दीडची, अडीचची, चारची, सहाची, दहाची. जुने वायरमन मात्र अजून तीन-बावीस, सात-वीस, सात-अठरा अशी भाषा बोलतात. त्यात पहिला आकडा तारांची संख्या आणि दुसरा एका तारेचा गेज, म्हणजे जाडीचा क्रमांक. सात-वीस म्हणजे साधारण आजची चारची, थोडी जाडच. सात-अठरा ही सहाच्या वर, आठाच्या आसपास. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे लक्षात ठेवा. ऑनलाइन मागवलेल्या परदेशी केबलवर अमेरिकन गेज लिहिलेला असतो, तिथेही तोच उलटा हिशेब: १० गेज म्हणजे सव्वापाच चौरस मिलिमीटर, ८ गेज म्हणजे साधारण ८.४. "दहा गेज" ऐकून "दहाची" समजून घेतली तर जवळजवळ निम्मं तांबं हाती येतं.

चार्जर खरंच किती खेचतो

चार्जरच्या पट्टीवर अँपिअर लिहिलेले असतात, ते वाचा. किलोवॅटचे आकडे जाहिरातीसाठी असतात, वायर अँपिअरवर ठरते. स्कूटरचा साधा साडेसातशे-आठशे वॅटचा चार्जर जेमतेम साडेतीन-चार अँपिअर घेतो. कारसोबत येणारा, मोठ्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा पोर्टेबल चार्जर १५ अँपिअरपर्यंत जातो. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा बॉक्स सिंगल फेजवर, म्हणजे साध्या घरगुती जोडणीवर, ३२ अँपिअर घेतो. ११ किलोवॅटचा थ्री फेज बॉक्स प्रत्येक फेजवर १६ अँपिअर घेतो.

इथे एक गोष्ट बरेच जण पैसे गेल्यावर शिकतात. एसी, म्हणजे घरच्या साध्या विजेवरच्या चार्जिंगमध्ये खरा चार्जर गाडीच्या आत असतो, भिंतीवरचा बॉक्स फक्त वीज पुरवतो. गाडीच्या आतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर बाहेर ७.२ चा बॉक्स लावून गाडी लवकर भरत नाही. तसंच, गाडी सिंगल फेजवरच घेणारी असेल तर ११ किलोवॅटच्या थ्री फेज बॉक्समधून तिला एकाच फेजचे १६ अँपिअर, म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आत मिळतात. तरीही वायर ओढताना पुढच्या गाडीचा विचार करा. बॉक्स दोन स्क्रू काढून बदलता येतो, छताला मारलेला पाइप बदलायला पुन्हा फोडाफोड करावी लागते.

अंतर सुतळीने मोजा

डोळ्यांनी मोजलेलं अंतर नेहमी कमी भरतं. मीटर रूमपासून पार्किंगची जागा "पंचवीस मीटर असेल" असं आपण म्हणतो. पण वायर मीटरपासून वर छतापर्यंत चढते, डक्टमधून वळते, बीमला वळसा घालते, खांबावरून खाली उतरते. ज्या वाटेने पाइप जाणार आहे त्याच वाटेने सुतळी फिरवा आणि मग टेपने मोजा. पंचवीसचे अडतीस होतात. मी खालचा सगळा हिशेब या ३८ मीटरवरच करणार आहे, कारण शहरातल्या सोसायट्यांत साधारण इतकंच अंतर मी सतत पाहतो. बंगल्याच्या अंगणात दहा मीटर असेल तर आकडे बरेच सोपे होतात.

आता वायरला तीन परीक्षा द्यायच्या आहेत. तिन्हींमध्ये जी सगळ्यांत जाड वायर मागेल, ती घ्यायची.

पहिली परीक्षा: उष्णता

तांब्याच्या साध्या पीव्हीसी वायरचा आतला पारा ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो. आंतरराष्ट्रीय तक्त्यांमध्ये पाइपमधून भिंतीवर नेलेल्या दोन वायरींची क्षमता, हवा ३० अंश धरून, अशी दिलेली असते:

दीडची – १७.५ अँपिअर
अडीचची – २४
चारची – ३२
सहाची – ४१
दहाची – ५७
सोळाची – ७६

वायरमनने "सहाची चाळीस अँपिअर घेते" म्हटलं तर तो खोटं बोलत नसतो. तो हाच आकडा सांगत असतो. पण हवा ३० अंश कुठे असते? नागपूर-चंद्रपूरचा मे महिना आठवा. पुण्यातसुद्धा पत्र्याच्या शेडखाली पाइप असेल तर दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. हवा ४० अंश धरली तर वरच्या आकड्यांना ०.८७ ने गुणायचं, ४५ अंशांना ०.७९ ने, ५० अंशांना ०.७१ ने.

मी महाराष्ट्रात सगळीकडे ४५ धरतो. तसं केलं की सहाची उतरते ३२.४ अँपिअरवर. चार्जर घेणार ३२. म्हणजे सहाची पास झाली, पण पस्तीस मार्कांनी. दहाची येते ४५ वर. अडीचची येते १९ वर, म्हणजे १५ अँपिअरच्या पोर्टेबल चार्जरला ती या परीक्षेत पास आहे.

एकाच पाइपमधून किंवा एकत्र बांधून दुसऱ्या सदस्याचीही वायर नेली तर दोघींची उष्णता एकमेकींना लागते. दोन सर्किट असतील तर आणखी ०.८ ने गुणा, तीन असतील तर ०.७ ने, सहा असतील तर ०.५७ ने. सोसायटीत पहिली गाडी आली तेव्हा व्यवस्थित चालणारी वायर चौथ्या गाडीच्या वेळी का तापायला लागली, त्याचं उत्तर बहुतेक वेळा या गुणकात असतं. दिवसा पंखे-दिव्यांच्या वायरी एकत्र गेल्या तर फारसं बिघडत नाही, कारण सगळ्या एकदम पूर्ण भाराने चालत नाहीत. चार्जर मात्र सगळे रात्री एकाच वेळी चालतात. म्हणून प्रत्येक चार्जरला वेगळा पाइप द्या, किंवा ट्रेमध्ये वायरींमध्ये अंतर ठेवा. जास्त तांबं घेण्यापेक्षा तेच स्वस्त पडतं.

दुसरी परीक्षा: एमसीबी

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, गाडीसाठी नसते, वायरसाठी असते. नियम साधा आहे: चार्जरचा करंट एमसीबीपेक्षा जास्त नको, आणि एमसीबीचा आकडा वायरच्या खऱ्या क्षमतेपेक्षा जास्त नको. खऱ्या म्हणजे वर आपण उष्णतेने गुणून काढलेल्या.

३२ अँपिअरच्या चार्जरला ३२ ची एमसीबी लावली तर? कागदावर चालतं. पण एमसीबीचा आकडा ३० अंशांसाठी ठरवलेला असतो. बंद डब्यात, शेजारच्या एमसीबींच्या उबेत, रात्रभर पूर्ण ३२ अँपिअर वाहिले की ती मधेच पडते आणि सकाळी गाडी चाळीस टक्क्यांवर दिसते. मग कोणीतरी येऊन ४० ची बसवतो. गाडी भरायला लागते, सगळे खूश. पण वायर सहाचीच आहे, जिची खरी क्षमता ३२.४. आता तिच्यावर पहारा करणारी एमसीबी ४० ला जागी होते. त्यातही एमसीबी आपल्या आकड्याच्या १.१३ पटीला तासभर पडत नाही आणि १.४५ पटीला पडायला तिला तासापर्यंत मुभा असते. ४० च्या एमसीबीला ५८ अँपिअर म्हणजे तासाभराची बाब. तोपर्यंत सहाच्या वायरचं पीव्हीसी काय होईल ते सांगायला नको.

माझ्या मते हीच सगळ्यांत जास्त होणारी आणि सगळ्यांत कमी बोलली जाणारी चूक आहे. ३२ अँपिअरच्या बॉक्सला ४० ची एमसीबी योग्यच आहे, पण तिच्यासोबत वायर दहाचीच हवी. ४५ अंशांना दहाचीची क्षमता ४५ आहे, ४० च्या वर. आणि त्याच पाइपात दुसरं सर्किट टाकलं तर दहाची ३६ वर येते आणि नापास होते. तिथे सोळाची घ्या किंवा वेगळा पाइप घ्या.

एमसीबीसोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, लागतेच. बॉक्समध्ये डीसी गळती ओळखणारी सोय असेल तर टाइप ए पुरते, नसेल तर महागडी टाइप बी लागते. बॉक्सच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं. घरात सर्रास मिळणारी टाइप एसी इथे चालत नाही.

तिसरी परीक्षा: व्होल्टेज ड्रॉप

लांब वायरमध्ये वाटेतच थोडे व्होल्ट हरवतात. याचं कोष्टक पाठ करायची गरज नाही. एकच आकडा लक्षात ठेवा: ४४. तांब्याच्या सिंगल फेज वायरसाठी, वायर तापलेली आहे असं धरून, ४४ ला वायरच्या चौरस मिलिमीटरने भागा. जे येईल ते एका अँपिअरमागे एका मीटरला पडणारे मिलिव्होल्ट. जाण्या-येण्याच्या दोन्ही वायरी यात धरलेल्या आहेत, म्हणून अंतर दुप्पट करू नका.

३२ अँपिअर, ३८ मीटर, सहाची वायर: ४४ भागिले ६ म्हणजे ७.३३. गुणिले ३२, गुणिले ३८, म्हणजे सुमारे ८९०० मिलिव्होल्ट. जवळजवळ ९ व्होल्ट, २३० च्या ३.९ टक्के. दहाची घेतली तर ५.३५ व्होल्ट, २.३ टक्के.

मीटरपासून चार्जरपर्यंत मी तीन टक्क्यांची मर्यादा धरतो. पाच टक्क्यांपर्यंत चालतं असं म्हणणारे आहेत, आणि नियमात बसतंही. पण संध्याकाळी मीटरवरच २१० व्होल्ट येत असतील, तर त्यातून आणखी नऊ वजा करायला नको वाटतं. आणखी एक बारीक गोष्ट. हरवलेल्या व्होल्टपैकी निम्मे न्यूट्रलमध्ये हरवतात, म्हणजे चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये साडेचार व्होल्टचा फरक दिसू लागतो. काही पोर्टेबल चार्जर यावर कुरकुर करतात, लाल दिवा लावतात, आणि मग "अर्थिंग खराब आहे" म्हणून लोक जमिनीत नवा खड्डा खणतात. दोष असतो बारीक वायरचा.

पोर्टेबल चार्जरची गोष्ट बघू. १५ अँपिअर, ३८ मीटर. अडीचची उष्णतेत पास झाली होती, १६ च्या एमसीबीसोबतही पास. पण ड्रॉप १० व्होल्ट, ४.४ टक्के. चारची घेतली की सव्वासहा व्होल्ट, २.७ टक्के. म्हणजे अंगणात दहा मीटरवर अडीचची छान, सोसायटीच्या ३८ मीटरवर चारची.

आणि स्कूटर? चार अँपिअरला दीडची सगळ्या अर्थाने पुरते. पण तिथे १६ अँपिअरचं सॉकेट बसवणार असाल तर उद्या मेव्हणा कार घेऊन येणार आणि त्याच सॉकेटला लावणार. सॉकेट ज्या आकड्याचं, वायर त्या आकड्याची. अडीचच्या खाली जाऊ नका.

जाड वायरने बिल वाचतं, असं विक्रेते सांगतात. हिशेब करून बघा. सहाचीत ९ व्होल्ट गुणिले ३२ म्हणजे सुमारे २८५ वॅट वाटेत जळतात, दहाचीत १७०. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्याचा बॉक्स महिन्यात वीसेक तास चालतो. फरक पडतो सव्वादोन युनिटचा. त्यातून वायरचे पैसे वसूल व्हायला गाडी म्हातारी होईल. दहाची घ्यायची ती एमसीबी आणि उष्णतेसाठी, बिलासाठी नाही.

११ किलोवॅटच्या थ्री फेजला उलट मजा आहे. प्रत्येक फेजवर १६ अँपिअरच, आणि भार समतोल असला की न्यूट्रलमधून जवळजवळ काही परत येत नाही. तिथे ४४ ऐवजी २२ धरा. चारची पाच कोअरची केबल (तीन फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग) आणि २० ची एमसीबी यात ३८ मीटरला ड्रॉप दीड टक्क्याच्या आत राहतो. गाडी थ्री फेज घेणारी असेल तर हा मार्ग तांबं वाचवतो.

तांबं की ॲल्युमिनियम

उघड्यावरून किंवा जमिनीखालून जायचं असेल तर आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली केबल लागते, आणि सोसायट्या खर्चासाठी ॲल्युमिनियमकडे वळतात. वाईट नाही. फक्त ४४ च्या जागी ७२ धरा. ७२ भागिले १६ म्हणजे ४.५, याचा अर्थ सोळाची ॲल्युमिनियम ड्रॉपच्या बाबतीत दहाच्या तांब्याच्या बरोबरीची. खरी अडचण टोकाला येते. ॲल्युमिनियम थेट पितळी टर्मिनलमध्ये खुपसलं की काही महिन्यांत ते सैल पडतं, ऑक्साइड धरतं आणि तापतं. बायमेटल लग (दोन धातूंचं जोडटोक) घ्या, योग्य डायने क्रिम्प करा, म्हणजे साच्यात दाबून बसवा. पक्कड मारून दाबलेला लग म्हणजे क्रिम्प नव्हे. कोकण आणि गोव्यात खारी हवा हे काम आणखी लवकर करते. तिथे तांब्यालाही टिनचा मुलामा असलेले लग लावा आणि केबल ग्लँड नीट आवळा.

अर्थिंगची वायर सोळापर्यंत फेजएवढीच जाड हवी. "अर्थिंगला दीडची चालते" हे ऐकलं की वायरमन बदला. आणि चार्जर अर्थिंग मागतो म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रल-अर्थिंग जोडून देणारे महाभाग आहेत. न्यूट्रल कुठेही सुटला की गाडीची बॉडी जिवंत होते.

दुकानात

कॉइलवर आयएसआय मार्क आणि आयएस ६९४ छापलेलं हवं, ते पाकिटावरच नाही तर वायरवरही, ठरावीक अंतराने. टोक सोलून तारा मोजा: अडीचचीत ०.३ मिलिमीटरच्या ३६, चारचीत ५६, सहाचीत ८४. दहाचीत बहुधा ०.४ च्या ८०. कंपनीनुसार तारेची जाडी आणि संख्या बदलते, पण गुणाकार जुळला पाहिजे. त्याहून सोपी कसोटी वजनाची. तांबं एका चौरस मिलिमीटरला दर मीटर सुमारे ८.९ ग्रॅम भरतं. सहाच्या ९० मीटर कॉइलमध्ये नुसतं तांबं ४.८ किलो, दहाच्यात ८ किलो. इन्सुलेशनसकट कॉइल त्याहून हलकी भरली तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा. काट्यावर ठेवायला लाजू नका, तांबं किलोवर विकलं जातं हे तोही जाणतो.

बॉक्सपासून गाडीपर्यंतची केबल मात्र आपण निवडायची नसते. ती कापून लांब करू नका. बॉक्स आणि गाडी जोडणाऱ्या सुट्या टाइप टू केबलच्या प्लगमध्ये एक छोटा रेझिस्टर असतो, ज्यावरून केबल किती अँपिअरची आहे हे समजतं: २२० ओहम म्हणजे ३२ अँपिअर, ६८० म्हणजे २०. त्यानुसार करंट मर्यादित होतो. मधे जोड दिलात तर रेझिस्टर ३२ सांगत राहील आणि जोड ते ऐकून जळेल. पोर्टेबल चार्जरला एक्स्टेन्शन बोर्ड लावणं हाही त्यातलाच प्रकार.

जोडणीनंतर

आमच्या नात्यात एका घरी पोर्टेबल चार्जरचं सॉकेट तिसऱ्या महिन्यात वितळलं. वायर चारची, अंतर बारा मीटर, सगळं हिशेबात. उघडलं तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू अर्धा फेरा सैल होता. पावशेर काळजी वायरची आणि मणभर टर्मिनलची, असं तेव्हापासून मी म्हणतो. तारा सुट्या न ठेवता टोकांवर फेरूल (धातूची टोपी) घाला, स्क्रू शक्य असेल तर साध्या ड्रायव्हरऐवजी टॉर्क ड्रायव्हरने, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या हत्याराने, आवळा, आणि सॉकेट सजावटीचं मॉड्युलर न घेता पिना घट्ट धरणारं औद्योगिक घ्या.

हे सगळं परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि आधी आपला मंजूर भार वाढवायचा आहे का ते वीज कंपनीकडे विचारा. काम झाल्यावर मल्टिमीटरने चार्जरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजायला सांगा: एकदा चार्जिंग बंद असताना, एकदा पूर्ण करंटवर, आणि त्याच दोन वेळी मीटरपाशीही. मीटरपाशी व्होल्टेज जितकं पडलं ते वजा करून उरलेला फरक आपल्या वायरचा. दहाची असेल आणि फरक साडेपाचच्या ऐवजी नऊ आला, तर वायर दहाची नाही किंवा कुठेतरी जोड सैल आहे. तासभर चार्जिंग झाल्यावर डब्याच्या झाकणाला हात लावा. कोमट चालेल, हात काढून घ्यावा लागला तर चार्जिंग थांबवा. महिन्याभराने वीज बंद करून सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्या. ते पहिल्या महिन्यात थोडे बसतातच.